ठामरावांचा नम्र बेडूक

ठामरावांनी बेडूक फुगवायला घेतला तेव्हा त्यांची निवृत्ती हाकेच्या अंतरावर आली होती, आणि त्या वयात माणसानं काय फुगवावं नि काय फुगवू नये याबद्दल शेजाऱ्यापाजाऱ्यांची मतं अगदी पक्की होती.

ठामराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते बायकोला आणि पगारपत्रकाला ठाऊक. एकदा तोंडातून शब्द गेला की मागे घ्यायचा नाही हा त्यांचा बाणा असल्यामुळे कचेरीनं त्यांच्या पाठीमागे हे नाव ठेवलं. ठामरावांच्या कानावर आलं तेव्हा ते म्हणाले, "पाठीमागे कशाला? तोंडावर म्हणा." तेव्हापासून सगळे तोंडावर म्हणतात, आणि ठामराव ओ देतात.

पाणीपुरवठा कचेरीतल्या आवक-जावक विभागाचे ते हेडक्लार्क. कचेरीत येणारा कागद न् कागद ज्याच्या हातून आत येतो आणि ज्याच्या हातून बाहेर जातो, तो हा विभाग. इतक्या मानाच्या विभागाला सरकारनं तळघरात बसवलं होतं. तिथं एक ट्यूबलाइट होती आणि लागावं की नाही हे तीच ठरवत असे. बाहेर ऊन आहे की ढग, हे वरून येणाऱ्या कागदाला हात लावून ओळखायचं. गरम लागला तर ऊन. विभागातल्या टंकलेखिका बाई रुजू झाल्या तेव्हा सुईत दोरा ओवू शकत होत्या. आता त्या कागद नाकाला लावून टाइप करत आणि ठामरावांना खांबासमोर उभ्या राहून नमस्कार करत. एकदा तर त्यांनी खांबाकडे रजा मागितली होती.

तिसऱ्या मजल्यावर एक कोपऱ्यातली खोली होती. तिला खिडकी होती. ही खोली आवक-जावकला हवी होती, आणि लेखापरीक्षण विभागालाही हवी होती, कारण त्यांची खोली जिन्याखाली होती आणि कुणी जिना उतरला की त्यांच्या हिशेबावर चुना पडत असे. त्या विभागाचे प्रमुख म्हणजे लालपेन. बारीक, उंच, चष्मेवाला गृहस्थ, खिशाला कायम लाल पेन. यांचं एक तत्त्व होतं. कुणी चुकीचा खर्च करायला निघाला की हे गप्प बसत. त्याला सगळा खर्च करू देत. शेवटचा पैसा गेला की मगच पेनाचं टोपण काढत. अर्ध्यात टोकलं तर आक्षेप छोटा होतो, असं ते शिकाऊ माणसांना सांगत.

खोलीचा वाद इतका जुना झाला होता की तिच्या दाराला दोन कुलपं होती, एक या विभागाचं, एक त्या विभागाचं. मधल्या काळात ती उघडून आत कुणी डोकावलंही नव्हतं. एका साहेबांनी हा प्रश्न बुद्धिबळावर सोडवायचं ठरवलं होतं. तो डाव अजून चालूच होता. दोघंही प्रत्येक खेळीआधी वरून मंजुरी मागवत. ते साहेब बदलून गेले, पट कपाटात राहिला, आणि लालपेनांच्या घोड्यावर कोळ्यानं जाळं विणलं.

मग नवे साहेब आले. वयानं इतके कोवळे की पहिल्या दिवशी शिपायानं त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं होतं. त्यांनी खोलीची जाडजूड फाइल उचलून पाहिली, वाचली नाही.

"एका खोलीसाठी एवढं?"

"खिडकी आहे साहेब तिला," ठामराव म्हणाले.

"उत्तम. मग याचा निकाल या महिन्यातच लावू. तुम्ही दोघं मोबाइल वापरता ना?"

आणि त्यांनी दोघांना तो खेळ दाखवला. मोबाइलवर चित्रविचित्र प्राणी पाळायचे, वाढवायचे आणि एकमेकांशी झुंजवायचे. एक चाल तुमची, एक समोरच्याची, ज्याच्या प्राण्याचा जीव आधी संपेल तो हरला. विभागप्रमुखानं स्वतः खेळायचं, एकच प्राणी आणायचा. महिनाअखेरच्या शुक्रवारी संध्याकाळी प्राणी नोंदवायचा, म्हणजे नंतर त्यात फेरफार नाही. सोमवारी सभागृहात सामना. जिंकेल त्याची खोली.

लालपेनांनी चष्मा पुसला. ठामरावांना वाटलं, साहेब थट्टा करताहेत. पण साहेबांनी त्याच दमात आदेश काढला, आणि तो आदेश जावक व्हायला ठामरावांच्याच टेबलावर आला. स्वतःच्या अपमानाला स्वतःच जावक क्रमांक देण्याचा प्रसंग फार थोड्यांवर येतो.

"घ्यायचं नाही भाग," बायको घरी म्हणाली. "या वयात राक्षस कसले झुंजवता?"

वास्तविक ठामरावांच्या मनात हेच होतं. पण आता ते बोलून दाखवायचा मान बायकोनं आधी घेतल्यामुळे त्यांचं घोडं तिथंच अडलं.

"घेणार," ते म्हणाले. "आणि जिंकणार."

झालं. शब्द तोंडातून गेला.

ठामरावांच्या मेहुण्याचं औषधांचं दुकान होतं. गिऱ्हाईक नसेल तेव्हा, आणि असेल तेव्हाही, तो काउंटरखाली हाच खेळ खेळत असे. खोकल्याच्या औषधाला आलेल्या माणसाचा खोकला कित्येकदा उभ्या उभ्या बरा व्हायचा. ठामराव या मेहुण्याकडे कधी काही मागत नसत, कारण लग्नात या मेहुण्यानं त्यांची चप्पल दडवली होती आणि तो विषय अजून मिटलेला नव्हता. पण विभागासाठी त्यांनी मान खाली घातली. म्हणजे फार नाही, मोबाइलकडे बघता येईल इतपत.

"दाजी, यात दोन तऱ्हा आहेत," मेहुणा म्हणाला. "एक म्हणजे आल्या आल्या धोपटायचं. दुसरी म्हणजे आधी आपल्या प्राण्याची ताकद वाढवायची, पायरी पायरीनं, सहा पायऱ्यांपर्यंत, आणि मग एकच तडाखा. पण दुसरीच्या नादी लागू नका. तुम्ही वाढवत बसता नि तोवर समोरचा तुमचा भुगा करतो. फार तर एकदोनदा वाढवायची आणि..."

पुढचं ठामरावांनी ऐकलंच नाही. आधी ताकद वाढवायची आणि मग तडाखा. अहो, हेच तर ते जन्मभर करत आले होते. टिप्पणीवाचून मसुदा नाही, मसुद्यावाचून पत्र नाही, आणि पत्र सुटलं की समोरचा माणूस आडवाच. या खेळात सरकारी कामकाजाची इतकी जाण असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांच्या मनात खेळाबद्दल प्रथमच आदर उत्पन्न झाला.

प्राणी निवडायला बसले. आगीचे पक्षी होते, काट्यांचे रेडे होते, वीज ओकणारं काहीतरी होतं. ठामरावांचं बोट एका बेडकावर थांबलं.

"हा कशाला?" मेहुणा म्हणाला. "याला कुणी घेत नाही दाजी."

"बाकीचे सगळे उभे आहेत," ठामराव म्हणाले. "हा एकटाच बसलाय. हा कचेरीत काम केलेला दिसतो."

बेडूक मोठा गमतीदार होता. 'छाती फुगव' अशी एक चाल त्याला येत होती. ती दिली की तो फुगायचा, ताकद एक पायरी वर जायची आणि कातडीही थोडी जाड व्हायची. दुसरी चाल उडी. फुगलेल्या अंगानं समोरच्याच्या टाळक्यात उडी घेतली की विषय संपला. ठामरावांनी त्याचं नाव फुगोजी ठेवलं.

इथं खेळानं विचारलं, प्राण्याचा स्वभाव कसा हवा? खाली भलीमोठी यादी. हट्टी, उतावळा, बेफिकीर, लाजाळू, नम्र. मेहुणा नेमका एका आजीबाईंना गोळ्या मोजून देत होता. आता तुम्हीच सांगा, ज्या माणसानं इतकी वर्षं हाताखालच्या लोकांचे गोपनीय अहवाल लिहिले, तो 'हट्टी' या शब्दावर बोट ठेवेल का? 'हट्टी' हा शेरा ठामरावांनी एकाच्या अहवालात लिहिला होता, तो बिचारा अजून त्याच पदावर आहे. त्यांनी 'नम्र' निवडलं आणि पुढे गेले.

"स्वभाव कोणता दिलात?" मेहुण्यानं परत येऊन विचारलं.

"योग्य तो," ठामराव म्हणाले.

पुढे कसरत. बेडकाला कसरतीचे ठरावीक गुण मिळतात, ते ताकद, जीव, कातडी, वेग अशा खात्यांत वाटायचे. मेहुणा म्हणाला, निम्मे ताकदीत, निम्मे जिवात. ठामरावांनी सगळ्या खात्यांना सारखे दिले.

"असं कुणी करतं का दाजी?"

"एकाला झुकतं माप दिलं की बाकीचे तक्रार करतात."

"बाकीचे कोण? बेडकाचे पाय?"

"पायांनाही काही वाटत असेल," ठामराव म्हणाले, आणि मेहुण्यानं हात टेकले.

मग सराव सुरू झाला, आणि गल्लीला नवा विषय मिळाला. शेजारच्या घरात कवायतीचे निवृत्त मास्तर राहत. ते रोज सकाळी कुंपणावर कोपरं टेकून विचारत, "किती पळतो?"

"पळत नाही. फुगतो."

"पळायला शिकवा. फुगणं काय, कुणालाही येतं. ताणा त्याला जरा. पहाटे उठवता की नाही?"

"मास्तर, तो मोबाइलमध्ये आहे."

"म्हणून काय झालं? आळशीपणा कुठंही शिरतो."

सरावात ठामराव रोज हरत. जगाच्या पाठीवरची कोण जाणे कुठली पोरंसोरं, बेडकाची छाती तिसऱ्यांदा फुगायच्या आत त्याला झोपवत. एकानं जिंकल्यावर जांभई देणारं चित्र पाठवलं. ठामरावांची तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी खेळाच्या कंपनीला सविस्तर पत्र लिहून, तयारी चालू असताना हल्ला करण्यास मनाई असावी, अशी सूचना केली. तत्काळ उत्तर आलं. त्यात त्यांचे आभार मानले होते आणि त्यांना आणखी एक प्राणी विकत घेण्याचा आग्रह केला होता.

याच दिवसांत त्यांची दाढ दुखू लागली. दंतवैद्याकडे नंबर लावून ते बाकावर बसले आणि मान खाली घालून फुगोजीला कामाला लावलं. "छान," ते पुटपुटत होते. "पण हे काहीच नाही. अजून फुगायला हवं. दुप्पट तरी." थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं की समोरच्या बाकावर एक गृहस्थ उठून उभे राहिले आहेत, त्यांचा गाल टरारून सुजला आहे आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आहे. दंतवैद्यानं मध्ये पडून दोघांना वेगळं केलं. ठामरावांनी मात्र माफी मागितली नाही. "मी बेडकाशी बोलत होतो," एवढंच ते म्हणाले, आणि त्यानं प्रकरण आणखी चिघळलं.

एकदा मोबाइल बादलीत पडला. बायकोनं तो पुसून तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवला. दोन दिवस ठामराव डब्याभोवती घुटमळत होते. तिसऱ्या दिवशी मोबाइल उठला, बेडूक होता तसा बसलेला होता, आणि ठामरावांचा जीव भांड्यात पडला.

"आजारपणात माझ्याभोवती कधी असे घुटमळला नाहीत," बायको म्हणाली.

"तू कधी बादलीत पडली नाहीस," ठामराव म्हणाले. त्या दिवशी ते बाहेर जेवले.

नोंदणीचा शुक्रवार उजाडला. दुपारी जेवून कचेरीत परतताना बायकोला घेऊन ठामराव दुकानात गेले. मेहुण्यानं शेवटची नजर टाकायला म्हणून मोबाइल हातात घेतला, आणि त्याचा चेहरा हळूहळू असा झाला जसा एखाद्यानं विषाची बाटली खोकल्याच्या औषधात पाहिली असावी.

"दाजी, हा नम्र आहे."

"आहेच."

"अहो, नम्र प्राण्याच्या अंगबळाला दहावा हिस्सा कात्री लागते. नम्रपणा डोक्यानं लढणाऱ्यांना. तडाखे देणारा प्राणी हट्टीच लागतो. सगळं जग हट्टी ठेवतं. शाळेतल्या मुलालासुद्धा..." तो हसू लागला. हसताना त्याला काउंटर धरावं लागलं. "मारकुटा बेडूक आणि नम्र. उडी मारायच्या आधी परवानगी मागेल तो."

गोळ्या घ्यायला आलेली दोन माणसंही हसली. ठामरावांचे कान लाल झाले.

"अजून वेळ आहे," मेहुणा डोळे पुसत म्हणाला. "खेळातच एक पुडी मिळते. ती चारली की स्वभाव बदलतो. हट्टीपणाची पुडी."

"अशी पुडी असते?" बायको म्हणाली. "यांना कुणी चारली असेल?"

आता खरं सांगायचं तर ठामरावांना आपली चूक लख्ख दिसली होती. एक पुडी चारायची आणि गप्प बसायचं, एवढंच काम होतं. मेहुणा हसला नसता तर त्यांनी ती चारलीही असती. पण चप्पल दडवणाऱ्या माणसासमोर, दोन गिऱ्हाइकांसमोर, बेडकाचा शेरा खोडायचा?

"नम्रच राहील," ठामराव म्हणाले.

कचेरीत पोचेपर्यंत बातमी त्यांच्याआधी पोचली होती, कारण त्या दोन गिऱ्हाइकांपैकी एक कचेरीतला शिपाई होता. टंकलेखिका बाई खांबाला वळसा घालून आल्या आणि या वेळी नीट ठामरावांसमोरच उभ्या राहिल्या.

"साहेब, पुडी चारा."

"बाई, तुम्हीसुद्धा?"

"मी कधी काही मागितलं नाही. रजा मागितली ती खांबाकडे गेली. पण मला निवृत्त व्हायच्या आधी एकदा उजेडात बसून टाइप करायचंय. नुसतं दिसतंय तसं टाइप करायचंय. तुमचा बेडूक हट्टी झाल्यानं ते होणार असेल तर होऊ दे ना."

ठामरावांनी टेबलावरचा टाचण्यांचा डबा उगाच उघडला आणि मिटला.

"बाई, मी त्याला नम्र म्हणून वाढवला," ते शेवटी म्हणाले. "नम्र म्हणून मार खाल्ला त्यानं माझ्यासाठी. लोक हसले म्हणून ऐन वेळी त्याचा शेरा बदलू? उद्या तुमच्या अहवालात मी असं केलं तर?"

"माझ्या अहवालात तुम्ही काय लिहिता?"

"ते गोपनीय आहे."

"नम्रच ना?"

ठामरावांनी डबा पुन्हा उघडून टाचण्या मोजायला घेतल्या. बाई काही वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या, किंवा बघितल्यासारखं करत राहिल्या.

"मग राहू दे नम्र," त्या म्हणाल्या, आणि कागद नाकाला लावून टाइप करू लागल्या.

संध्याकाळी फुगोजीची नोंद झाली. फलकावर फक्त प्राणी आणि त्यांच्या कसरतीचे गुण लागले, स्वभाव कुणालाच दिसत नव्हता. आवक-जावक विभाग, बेडूक. लेखापरीक्षण विभाग, बगळा.

बगळा वाचून ठामरावांना घाम फुटला. मेहुण्यानं फोनवर आणखी फोडला. "दाजी, त्या बगळ्याला उलटवार येतो. म्हणजे तो तुमच्याच ताकदीनं तुम्हाला मारतो. तुम्ही जितके फुगाल तितका मार मोठा. तुम्ही फुगूच नका."

"मग करू काय?"

"आल्या आल्या धोपटा."

"पूर्वतयारीशिवाय?" ठामरावांनी विचारलं, आणि फोन ठेवून दिला.

सोमवारी सभागृह खच्चून भरलं. भिंतीवर पडदा, पडद्यावर डावीकडे फुगोजी, उजवीकडे लालपेनांचा बगळा, एका पायावर. कवायत मास्तर पहिल्या रांगेत येऊन बसले होते. ते कचेरीचे कुणी नव्हते, पण पाण्याच्या बिलाची तक्रार आहे असं सांगून आत शिरले होते. मेहुणा दुकान बंद करून आला होता. बायकोनं येणार नाही म्हणून सांगितलं होतं, ती खांबाआड उभी होती.

ठामरावांनी 'छाती फुगव' दाबलं. बेडूक फुगला. बगळ्यानं काहीच केलं नाही, पंख मिटून जागा सावरली. ठामरावांनी पुन्हा फुगवला. बगळा पुन्हा तसाच. सभागृहात कुजबुज सुरू झाली. मेहुण्याला ही गोष्ट समजेना, कारण त्यानं कधी सरकारी नोकरी केली नव्हती. आम्हा तुम्हाला समजते. लालपेन खर्च पूर्ण होण्याची वाट बघत होते. त्यांनी बेडकाची ताकद, कातडी, जीव सगळं मांडून हिशेब केला होता की सहावी पायरी चढला की उलटवाराच्या एकाच चोचीत तो संपतो. पाचव्या पायरीवर थोडा उरतो. मग पाचव्यावर आक्षेप कशाला घ्यायचा?

आणि ठामराव पाचव्यावर थांबले असते तर? पण सहा पायऱ्या असताना पाचव्यावर तयारी संपवणं म्हणजे शिक्का मारून सही न करणं. त्यांच्या हातून ते झालं नसतं.

"पळव त्याला," कवायत मास्तर ओरडले.

"दाजी, आता उडी," मेहुणा मागून म्हणाला. "आता तरी उडी."

ठामरावांनी सहाव्यांदा छाती फुगवली. फुगोजी अर्धा पडदा व्यापून बसला. लालपेन उठून उभे राहिले. त्यांनी सवयीनं खिशातल्या पेनाचं टोपण काढलं आणि उलटवार दाबला. बगळा सुटला. फुगोजीची सगळी ताकद चोचीत घेऊन त्यानं ती फुगोजीच्याच डोक्यात घातली.

जिवाची पट्टी उतरू लागली. हिरवी, पिवळी, तांबडी. बाईंनी डोळे मिटले, त्यांना तसंही दिसत नव्हतं. पट्टी उतरत उतरत नखाच्या टोकाएवढी उरली. आणि थांबली.

सभागृहात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. ठामरावांच्या हातातली पडली, आणि ऐकू आली.

"हे शक्य नाही," लालपेन म्हणाले.

"बेरीज पुन्हा तपासा," ठामराव म्हणाले, आणि उडी दाबली.

त्या उडीचं वर्णन काय करायचं. नम्र होती, म्हणजे जितकी पडायला हवी त्याहून दहाव्या हिश्शानं हलकी पडली. पण सहा पायऱ्या चढून पडली. पडद्यावर थोडा वेळ बेडूकच दिसत होता. तो बाजूला झाला तेव्हा बगळा दोन्ही पायांवरून गेला होता.

आवक-जावक विभाग बाकांवर चढला. लालपेन मात्र कागदावर झरझर आकडे मांडत होते. मग त्यांचं पेन थांबलं.

"साहेब, आक्षेप," ते म्हणाले. "हिशेब बरोबर आहे. फरक दहाव्या हिश्शाचा आहे. या बेडकाचा स्वभाव कोणता?"

"नम्र," ठामराव म्हणाले.

सभागृहात हशा पिकला. लालपेन हसले नाहीत. "तडाखे देणारा प्राणी नम्र कुणी ठेवत नाही. ही चूक आहे. त्याची ताकद कमी पडली, म्हणून माझा उलटवार कमी पडला. चुकीमुळे झालेला लाभ ग्राह्य धरता येत नाही. सामना पुन्हा घ्यावा."

नव्या साहेबांनी ठामरावांकडे पाहिलं. "चूक होती का?"

मेहुणा मागून दोन्ही हातांनी खुणा करत होता, सांगा मुद्दाम केलं, सांगा डाव होता. बायको खांबाआडून बाहेर आली होती. ठामरावांनी सदरा खाली ओढला.

"शुक्रवारी दुपारपर्यंत चूक होती साहेब," ते म्हणाले. "त्यानंतर सगळं जग बदल म्हणत होतं, पुडी हातात होती, आणि मी बदलला नाही. तेव्हापासून तो निर्णय आहे. सामना पुन्हा घ्यायचा तर घ्या. बेडूक हाच येईल आणि नम्रच येईल."

साहेबांनी पडद्यावरच्या बेडकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "खोली आवक-जावकला."

दोन्ही कुलपं गंजली होती. शेवटी कवायत मास्तरांनी खांदा लावला. आत धूळ होती, एक मोडकी खुर्ची होती, आणि समोर खिडकी. ठामरावांनी स्वतः जाऊन ती सताड उघडली.

कुलपं लागलेली असतानाच्या काळात खाली कचेरीचं उपाहारगृह झालं होतं. त्याचं धुराडं भिंतीलगत वर चढवलं होतं, ते बरोबर खिडकीच्या चौकटीशी येऊन संपत होतं. ठामरावांनी खिडकी उघडायला आणि खाली कढईत काहीतरी सोडायला एकच गाठ पडली. तेलकट काळा लोट आत आला आणि ठामरावांच्या पांढऱ्या सदऱ्यावर बसला. विभाग खोकू लागला. दारात उभे राहिलेले लालपेन नाकाला रुमाल लावून, सबंध महिन्यात पहिल्यांदा, प्रसन्न दिसले.

"वास येतोय जरा," ते म्हणाले.

"कसला?" ठामरावांनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बंद करू का खिडकी, साहेब?" शिपायानं विचारलं.

"खबरदार," ठामराव म्हणाले.

बाई तोवर आपलं यंत्र घेऊन खिडकीशी जाऊन बसल्या होत्या. त्यांनी कागद चढवला, नाक न लावता मान हातभर मागे घेतली, आणि खोकत खोकत एक ओळ टाइप केली. "दिसतंय," त्या म्हणाल्या.

"मग लिहून घ्या," ठामराव म्हणाले. "उपाहारगृह विभागास. विषय, धुराडं हलवणे."

पत्र गेलं. उत्तर आलं नाही. स्मरणपत्र गेलं. उत्तर आलं नाही. एका दुपारी मेहुणा खोली बघायला आला, धुरात दाजी कुठं बसलेत हे त्याला आवाजावरून शोधावं लागलं.

"अहो, सरळ खाली जाऊन त्या आचाऱ्याशी भांडा ना. इथं बसून काय करताय?"

ठामरावांनी काजळी धरलेला चष्मा काढला, पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. शेजारी बाई तिसरं पत्र टाइप करत होत्या, ताठ बसून.

"घाई करू नकोस," ठामराव म्हणाले. "सध्या फुगतोय."